आठ रिकाम्या विड्या

जळालेली मोटार दुकानात आली की बाकीचे मिस्त्री आधी मीटर लावतात. हेमराज कापगते आधी नाक लावायचा. झाकण काढायचं, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "वार्निश गेलं, तार शाबूत आहे." नाहीतर, "हिच्यात राम नाही राहिला भाऊ, पूर्ण भरावी लागते." भंडाऱ्यातल्या त्याच्या लहानशा दुकानात सौरपंपांच्या मोटारी यायच्या, ई-रिक्षांच्या यायच्या, धानावर औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या अंगठ्याएवढ्या मोटारीसुद्धा यायच्या. दहात नऊ वेळा नाक बरोबर निघायचं. दिवसाला दोन कट्टे, म्हणजे पन्नास विड्या ओढणाऱ्या माणसाचं नाक इतकं तिखट कसं, हे कोडं कुणाला सुटलं नव्हतं. असतं एकेकाचं.

नाक शाबूत होतं, पण बोटं जायला लागली होती. आधी उजव्या पायाचं एक बोट काळं पडलं, ते काढावं लागलं. दोन वर्षांनी डाव्या हाताची करंगळी थंडीत निळी पडू लागली, आणि मग थंडी नसतानाही. तिच्या टोकाला एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. वय अवघं बेचाळीस.

डॉक्टर रोशनी गेडाम यांनी त्याला समोर बसवून सरळ सांगितलं, "हेमराजभाऊ, हा बर्जरचा आजार आहे. तंबाखूनं हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि बुजतात. याला इलाज एकच, तंबाखू बंद. कमी नाही, बंद. दिवसाला एक ओढली तरी आजार चालूच राहतो, आणि एकामागून एक बोटं जातात."

"मॅडम, मी वायंडिंगवाला माणूस. केसाएवढी तार बोटांनी भरतो."

"म्हणूनच सांगते आहे."

असं नव्हतं की त्यानं प्रयत्न केले नव्हते. मारुतीपुढे शपथ घेतली होती, ती एकोणीस दिवस टिकली. हेल्पलाइनला फोन केला होता. पलीकडची मुलगी फार समजूतदार होती, तिचं सगळं पटायचं, आणि फोन ठेवला की हात खिशाकडे जायचा. इतरांना निकोटिनच्या गोळ्या आणि चिकटपट्ट्या चालतात, पण याच्या आजाराला निकोटिनच नको, म्हणून ती वाटही बंद होती. बायको कुंदानं विड्या लपवून पाहिल्या, भांडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. अबोल्यात त्याची विडी वाढली.

मग गेडाममॅडमनी तळ्याकाठच्या 'मोकळा श्वास' केंद्राचं नाव काढलं. रोज दुपारी त्या तिथेच बसायच्या. तिथे नवं यंत्र आलं होतं. ते माणसाला दुपारी झोपवायचं आणि झोपेतच विडी सोडवायचं.

"झोपून विडी सुटते?" कुंदा म्हणाली. "तसं असतं तर तुमची कधीच सुटायला पाहिजे होती."

पण जा म्हणाली तीच.

केंद्रात आधी फॉर्म भरायचा होता. घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं? नाही. कुणी तंबाखू, खर्रा खातं? नाही. हेमराजनं बेधडक लिहिलं आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याच्या आईनं, भागरताबाईनं, जन्मात विडी ओठाला लावली नव्हती. ती विड्या बांधायची.

नवव्या वर्षापासून बांधत होती, आता एकाहत्तरावं चालू होतं. गल्लीत एके काळी घरोघरी मांडीवर सुपं असायची. विडीचा धंदा बसला, बायका दुसऱ्या कामांना लागल्या, सुपं धान पाखडायला परत गेली. एकटी भागरता अजून घरापुढच्या सपरीत, उघड्या पडवीत बसून दिवसाला शे-दोनशे विड्या बांधायची आणि महिन्यातून एकदा एक टेम्पो येऊन त्या घेऊन जायचा. का बांधते, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "हात रिकामे राह्यले तर मले झोप नाही येत." घरात तंबाखू आहे का, असं फॉर्मवर कुणी विचारलं नव्हतं. हेमराजला स्वतःहून सांगायचं सुचलं नाही. घरात भिंती आहेत हे तरी कोण सांगतो?

यंत्राची गोष्ट मॅडमनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितली. डोळ्यांची, कानांची, कातडीची खबर मेंदूत शिरताना एका चौकीवरून जाते. झोप लागली की चौकीदार फाटक लावतो. नाकाची वाट मात्र त्या चौकीवरून जात नाही. ती मागच्या दारानं थेट आठवणींच्या खोलीत शिरते. म्हणून नुसत्या वासानं झोपलेला माणूस जागा होत नाही, पण वास आत पोचलेला असतो.

"आणि दुसरी गोष्ट," मॅडम म्हणाल्या, "आठवण म्हणजे दगडावरची रेघ नाही. वर काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि काही तासांनी पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यात जे मिसळेल ते तिच्यात राहून जातं. आमची एक गोळी आहे, ती हा मऊपणा वाढवते. तुम्ही गोळी घेऊन झोपायचं. झोप गाढ झाली की यंत्राच्या टोपीतल्या तारांना ते कळतं. मग नळीतून दोन श्वास तंबाखूचा वास सोडायचा, आणि लगेच सडक्या मासळीचा. जागेपणी हे केलं तर माणूस म्हणतो, मला उल्लू बनवून राहिले. झोपेत असं म्हणायला कुणी हजर नसतं."

"बस, एवढंच?"

"सहा दुपारी. तेवढे दिवस मुक्काम इथेच. आणि प्रत्येक वेळी उठल्यावर स्वप्न काय पडलं ते सांगायचं. ते महत्त्वाचं आहे. आम्हाला झोप दिसते, स्वप्न दिसत नाही."

पहिल्या दुपारी तो त्या खोलीत आडवा झाला. पडदा लावलेला होता, तरी तळ्यावरचं ऊन छतावर हलत होतं. त्या हलत्या उजेडाकडे पाहता पाहता छत पातळ झालं, मग राहिलंच नाही.

तो चार-पाच वर्षांचा होता. सपरीच्या सारवलेल्या भुईवर निजलेला, डोकं मायच्या मांडीवर. वर सूप, आणि सुपाच्या कडेनं येणारं ऊन. मायचे हात वर चालले होते. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू ठेवायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा फिरवायचा. कात्रीचा आवाज कधी जवळून यायचा, कधी नदीच्या पलीकडून. तंबाखूची धूळ झरझर खाली यायची, त्याच्या पापण्यांवर बसायची, आणि माय हात न थांबवता खाली वाकायची आणि फुंकर मारायची. धूळ उडून उन्हात जायची आणि तिथेच तरंगत राहायची, खाली पडायचीच नाही. मग कधीतरी सपरीच्या पायरीला पाणी लागलं. सूप पाण्यावर उतरलं, मोठं होत गेलं, आणि दोघं त्यात बसून निघाले. माय बांधतच होती. पाणी शांत होतं. कुठे जायचं आहे असं काही नव्हतं.

उठला तेव्हा गाल ओले होते. ते त्यानं टोपी काढण्याआधी पुसले.

"काय दिसलं?" मॅडमनी विचारलं.

बेचाळीस वर्षांचा, मिशीवाला माणूस. समोर एक बाईमाणूस, हातात पेन घेऊन बसलेलं. तिला कसं सांगायचं की मला माझी माय दिसली आणि तिच्या मांडीवरून उठावंसं वाटत नव्हतं?

"विड्या दिसल्या," हेमराज म्हणाला.

"छान," मॅडमनी लिहून घेतलं.

सहाही दुपारी माय दिसली आणि सहाही वेळा त्यानं विड्याच सांगितल्या. शेवटच्या दोन वेळा स्वप्नाच्या शेवटी पाणी गढूळ होत होतं, सुपाभोवती पांढऱ्या पोटांचे मासे वर येत होते, आणि माय फुंकर मारायला वाकली की तो तोंड फिरवत होता. पण जाग आल्यावर तेवढा भाग नीट आठवायचा नाही. नुसतं तोंड कडू असायचं.

सातव्या दिवशी केंद्रातून निघून तो चौकातल्या पानठेल्यासमोर मुद्दाम उभा राहिला. चार जण ओढत होते. धूर त्याच्या तोंडावर आला आणि किळस येऊन तो हातानं नाक धरून पलीकडे पळाला. पलीकडे जाऊन मात्र हसला. सव्वीस वर्षांची खोड सहा झोपांत गेली होती. कुंदाला फोन करून म्हणाला, "पाटोडीचा रस्सा कर. सुटली."

घरी आला तेव्हा सपरीत भागरता सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली. "आला का गा? कुंदा सांगत होती, सुटली म्हणते." आणि आनंदानं त्याच्या गालावरून हात फिरवायला उठली.

हेमराज पायरीवरच ओकला.

इतकी वर्षं तंबाखूत गेलेल्या बाईला काय झालं ते सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घरातली सगळी तंबाखू टेम्पोवाल्याला बोलावून परत दिली. सूप माळ्यावर टाकलं. लुगडी उकळत्या पाण्यात धुतली. लिंबानं हात घासले, चिंचेनं घासले, राखेनं घासले, तळव्यांची सालं निघाली तेव्हा कुंदानं हात धरून थांबवलं. सपरी तीनदा सारवली. आणि मग वाट पाहिली.

काही उपयोग झाला नाही. आठ दिवसांनी ती चहाचा कप घेऊन आली, तेव्हा हेमराजच्या तिखट नाकानं त्याला स्पष्ट सांगितलं की हिच्या हातांना आता लिंबाचा वास येतो, तंबाखूचा नाही. पण पोट ऐकेना. ती दारात उभी राहिली तरी घशाशी यायचं. शेजारच्या खोलीतून तिचा नुसता आवाज आला तरी तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं. त्यानं ते लपवायचा खूप प्रयत्न केला. आईशी बोलताना तो श्वास धरून बोलू लागला, आणि श्वास धरून किती बोलणार? त्याची वाक्यं आखूड झाली. मग नुसतं हो-नाही राहिलं.

तो केंद्रात गेला आणि मॅडमसमोर मान खाली घालून खरं ते बोलला.

"सहाही वेळा आईच दिसली?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आम्ही तुमच्या मेंदूला विचारत होतो, तंबाखू म्हणजे काय? आम्हाला वाटलं, तो विडी म्हणेल. तो म्हणाला, माय."

"म्हणजे ती मासळी..."

"तुमच्या आईला चिकटली. विडीलाही चिकटली, पण आधी आईला."

"फॉर्म मी खोटा नव्हता भरला, मॅडम."

"खोटा नव्हता. आम्हीच नीट विचारलं नाही. आणि तुम्ही स्वप्न लपवलं. दोघांनी मिळून केलं हे." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "उलटा फेरा आहे. तीन झोपा. पण त्यात निवडानिवड नाही करता येत. आईची किळस जाईल तशी विडीचीही जाईल. तल्लफ परत येईल, होती तेवढीच. आणि एकदा उलटवलं की हे यंत्र तुमच्यावर पुन्हा लागू पडणार नाही. मग काय करायचं ते जागेपणी."

घरी कुंदानं ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाली. "आईंचं सगळं मी पाहते. तुम्ही लांबून बोला, फोनवर बोला. लोकांची पोरं परदेशात नाही राहत? त्यांच्या आया जगतातच ना? बोट गेलं की परत येत नाही." तिचा आवाज फाटला. "मी तुम्हाला घास भरवायला तयार आहे. पण ती वेळ तुम्ही स्वतः ओढवून आणणार असाल तर नाही."

तिचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

भिंत पातळ होती. सकाळी भागरता आपली पत्र्याची पेटी घेऊन रस्त्यावर उभी दिसली. "मी लाखनीले जाते," ती म्हणाली, "बहिणीकडं. ती एकटीच राह्यते तिथं." ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. हेमराजला आधी कळलं नाही, मग कळलं. जन्मभर पाखडून पाखडून तिला वारा कळायचा. आपल्या अंगावरचा वारा लेकाकडे जाणार नाही अशी जागा तिनं निवडली होती.

"विडी नको ओढजो," बस आल्यावर तिनं तिथूनच सांगितलं. "बाकी सगळं होते."

त्या दुपारी हेमराज जेवायला बसला. कुंदानं भात वाढला, वरण वाढलं. त्यानं दोनदा मागून घेतलं. पोट भरलं, ढेकर आला, अंग सैल झालं. किती दिवसांनी घरात मोकळा श्वास घेता येत होता. किती बरं वाटत होतं. आणि मग त्याला कळलं की आपल्याला बरं कशानं वाटतं आहे. माय गेली म्हणून बरं वाटतं आहे.

तो ताटावरून उठला, सपरीत जाऊन सारवलेल्या रिकाम्या भुईवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. कुंदा बाहेर आली. दाराला टेकून उभी राहिली.

"जा," ती शेवटी म्हणाली. "पण एक जरी ओढली ना, तर तुमची माय राहिली बाजूला, मीच तुमच्याकडे पाहून घेईन."

भागरताला फोनवर सांगितलं तर तीच भडकली. "येडा झाला का गा? मी आज आहे, उद्या नाही. बोटं जन्मभर लागतात माणसाले."

"माय," हेमराज श्वास धरून म्हणाला, कारण तिचा आवाज कानात होता, "उद्या तू गेली, अन् मले तुझ्या मढ्याजवळ बसता नाही आलं तर?"

पलीकडे पत्र्याच्या पेटीची कडी वाजली. मग ती म्हणाली, "सकाळच्या बसनं येते."

केंद्राचा एक नियम होता. उलटा फेरा घेणाऱ्यानं एक सोबती सांगायचा. तल्लफ आली की त्याला फोन करायचा, आणि त्यानं तो उचलायचा. हेमराजनं मायचं नाव सांगितलं. गेडाममॅडमनी तिला समोर बसवून समजावलं. "तल्लफ कायम राहत नाही, आजी. चढते आणि आपोआप उतरते. पाच मिनिटं, फार तर सहा. तेवढी निघाली की झालं. तेवढी तुम्ही काढून द्यायची."

"पाच मिनिटं म्हणजे किती?" भागरतानं विचारलं. तिनं घड्याळ कधी वापरलं नव्हतं. मॅडमनी फोनवर वेळ लावून दाखवली. भागरतानं डोळे मिटले आणि तिचे हात मांडीवर, नसलेल्या सुपावर चालू लागले. फोन वाजला तेव्हा तिनं डोळे उघडले. "आठ विड्या," ती म्हणाली. "आता हात हळू झाला. आधी बारा झाल्या असत्या."

उलट्या फेऱ्याच्या तिसऱ्या दुपारी पाणी पुन्हा स्वच्छ झालं. मासे कुठे गेले कोण जाणे. सूप होडीसारखं निघालं, धूळ उन्हात तरंगत राहिली. जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी माय बसलेली होती. हेमराजनं तिचा हात ओढून आपल्या तोंडावर ठेवला आणि पोटभर श्वास घेतला. वर लिंबू होतं. त्याच्या खाली, सालपटलेल्या कातडीच्याही खाली, बासष्ट वर्षांची तंबाखू होती. त्याला तो वास इतका गोड वाटला की तो तसाच पडून राहिला.

आणि त्याच श्वासाबरोबर तल्लफ आली. वास आणि तल्लफ हातात हात घालून आले. बोटं खिशाकडे वळली.

"माय," तो म्हणाला, "आली."

भागरतानं पिशवीतून भिजवलेली तेंदूपानं आणि कात्री काढली. तंबाखू नव्हतीच. ती रिकामं पान वळू लागली. "हे पाय. ही एक."

सातव्याला त्याचा जबडा सैल झाला. आठव्याला त्यानं पाणी मागितलं.

तेव्हापासून माळ्यावरचं सूप परत खाली आलं आणि फोन सुपात राहू लागला. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून तीसदा वाजायचा. हेमराज काही बोलायचा नाही, फोन कानाला लावून दुकानात उभा राहायचा. पलीकडून कात्री चालायची, आणि मधून मधून माय म्हणायची, "तीन." मग, "चार." गिऱ्हाईक आलं तर तो बोटानं थांब म्हणायचा. हळूहळू गिऱ्हाइकांनाही माहीत झालं. "कितवी चालू आहे, हेमराजभाऊ?" असं चेष्टेनं विचारायचे आणि आठवीपर्यंत गुमान बसायचे.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. एकदा एका मोठ्या पंपाचं वायंडिंग दुसऱ्यांदा जळालं, शेतकरी दारात येऊन बोलू नये ते बोलला, आणि हेमराज तडक पानठेल्यावर गेला. फोन लागला तेव्हा त्याचा आवाज अस्पष्ट येत होता.

"तोंडात आहे का?" भागरतानं विचारलं.

"हो."

"पेटवली?"

"नाही."

"मग तशीच राहू दे. मी बांधाले घेते. कात्री ऐक." आणि ती बांधू लागली. आठ झाल्या, तो काही बोलला नाही. तिनं विचारलं नाही, नववी घेतली, दहावी घेतली. चौदाव्या विडीला त्यानं ओठातली विडी काढून पानठेलेवाल्याला परत दिली. त्या दिवशी भागरताचा दोरा तीनदा तुटला. पण हे तिनं त्याला सांगितलं नाही, कुंदानं सांगितलं.

रिकाम्या विड्या वाढत गेल्या. टोपली भरली, दुसरी भरली. आंघोळीच्या चुलीत कुंदा त्या मूठ मूठ टाकायची. नुसत्या पानाचा धूर यायचा, रानातल्यासारखा. हिवाळा आला आणि गेला. मॅडमनी करंगळीचं नख दाबून धरलं, सोडलं, आणि त्याखाली गुलाबी रंग परत येताना पाहिला. जखमेवर नवी कातडी धरली होती. "टिकेल हे बोट," त्या म्हणाल्या. "तुम्ही टिकलात तर."

फोन दिवसाला दहावर आला, मग चारवर, मग दोनवर.

आणि मग एक दिवस असा आला. भागरता सकाळपासून सपरीत बसली होती. पानं भिजवलेली, कात्री मांडीशी, फोन सुपात. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. फोन काही वाजेना. तिनं तो दोनदा उचलून पाहिला. दुपारचं जेवण झालं. पानं वाळू लागली, तिनं पुन्हा पाणी शिंपडलं.

दिवस मावळायच्या आत हेमराज घरी आला.

"फोन बिघडला का गा?" भागरतानं विचारलं.

"नाही."

"मग?"

हेमराज पायरीवर उभा राहून आठवू लागला. सकाळी दोन मोटारी भरल्या. एक ड्रोन दुरुस्त केला. चहा घेतला, दोनदा. "माय," तो हळूच म्हणाला, "मले आज विडीची आठवणच नाही झाली."

भागरतानं कात्री खाली ठेवली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. पण तिचे हात सुपावर तसेच पडून राहिले. "आता मी कायले बसू इथं?"

हेमराज चपला काढून खाली बसला. एका पायाला बोट कमी, म्हणून भुईवर बसायला त्याला वेळ लागायचा. मग तो आडवा झाला आणि त्यानं डोकं मायच्या मांडीवर ठेवलं, सुपाच्या खाली. मिशीत आता थोडे पांढरे केस होते. रस्त्यानं दोन माणसं जात होती, ती पाहून गेली.

"तुले एक सांगायचं राह्यलं," तो म्हणाला. "त्या यंत्रात मले काय दिसत होतं ते. मॅडमले पण धड नाही सांगितलं." आणि त्यानं सगळं सांगितलं. कात्री, ऊन, पायरीला लागलेलं पाणी, सुपाची होडी. पापण्यांवर पडणारी धूळ.

"धूळ पडे, हे खरं आहे," ती म्हणाली. "तू लहान होता, दुसरीकडं झोपतच नव्हता. मले इतके वर्षं वाटते, तुले तंबाखू तिथंच लागली. तुझं पायाचं बोट कापलं ना, तवा मी म्हटलं, हे माझ्याच सुपातून पडलं."

"फुंकर मारत पण तूच होती ना," हेमराज म्हणाला.

जरा वेळानं तिनं एक पान उचललं, तळव्यावर सारखं केलं आणि कापलं. कात्रीचा आवाज अगदी जवळून आला. वाळक्या पानाचा बारीक चुरा सुपाच्या कडेवरून निसटून हेमराजच्या पापण्यांवर पडला. त्यानं डोळे मिटून घेतले. भागरता वाकली आणि तिनं फुंकर मारली.